तिसऱ्या मालकाची वही

नागपूरच्या बेसा चौकातून पिपळ्याकडे किंवा घोगलीकडे निघाले की नव्या स्कीम, रिकामे प्लॉट आणि खोदलेले रस्ते यांच्या मधून एखादी दहा-पंधरा वर्षांची पोलो जीटी, लॉरा, सुपर्ब किंवा थ्री सीरीज हमखास दिसते. पहिल्या मालकाने ती केव्हाच सोडलेली असते. आता ती दुसऱ्या, बहुधा तिसऱ्या हातात असते, आणि हा तिसरा माणूस ती गरजेपोटी घेत नाही, हौसेने घेतो. आउटर रिंग रोडने शिवमडक्याला गेले की समृद्धी महामार्ग लागतो. ७०१ किलोमीटरचा, कारला ताशी १२०ची मुभा देणारा हा रस्ता अशाच गाडीसाठी बांधला असावा असे तिच्या मालकाला वाटले तर त्यात चूक काही नाही. हौस खरी आहे. ती टिकवायची कशी, हा प्रश्न आहे. कारण या गाड्यांबद्दल बाजारात दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, जर्मन गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती. दुसरे म्हणते, जर्मन इंजिनिअरिंग आहे, काही होत नाही. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोघांची चूक एकाच जागी आहे. गाडीसोबत आलेली सर्व्हिसची वही हाच शेवटचा शब्द, असे दोघेही धरून चालतात. ती वही पहिल्या मालकासाठी लिहिलेली असते. तिसऱ्या मालकाला, त्यातही नागपूरच्या उन्हात राहणाऱ्याला, स्वतःची वही नव्याने लिहावी लागते. ती लिहिली तर या गाड्या उत्तम चालतात, आणि नाही लिहिली तर हत्तीवाला बरोबर ठरतो.

आधी या गाड्या आपल्याकडे आल्या कशा ते थोडक्यात पाहू. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ जोडायला घेतली. २००१ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला. स्कोडा चेक आहे, पण तिच्या ऑक्टेव्हियाचे इंजिन-गिअरबॉक्स फोक्सवॅगन समूहाचेच, आणि २००४ची ऑक्टेव्हिया आरएस ही टर्बो पेट्रोल इंजिनाची गोडी इथल्या माणसाला लावणारी पहिली गाडी. २००७ मध्ये त्याच शेंद्र्यात ऑडी आणि चेन्नईत बीएमडब्ल्यू जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला आणि पोलो आली, ती २०२२ पर्यंत बनत राहिली. म्हणजे आज हौशी माणसाच्या हाती येणाऱ्या बहुतेक गाड्या महाराष्ट्रात किंवा निदान भारतात जोडलेल्या आहेत. त्यांचे वय आता दहा ते वीस वर्षांच्या मधले आहे. या वयात गाडीची किंमत मूळ किमतीच्या एका कोपऱ्याएवढी उरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत मूळ गाडीच्याच पातळीवर असते. सगळ्या फसगतीचे मूळ या तफावतीत आहे. गाडी अल्टोच्या भावात येते म्हणून माणूस खर्चही अल्टोचाच धरतो.

आता वहीकडे येऊ. जर्मनीत नव्या गाड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश गाड्या कंपन्यांच्या नावे नोंदल्या जातात. तीन-चार वर्षे वापरून त्या परत जातात. असा ग्राहक गाडी घेताना तीन वर्षांचा देखभालखर्च कागदावर मांडून पाहतो, म्हणून तो खर्च कमी दिसावा याची काळजी कंपनी घेते. तेल बदलण्याचा काळ लांबतो, युरोपात तर ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षांपर्यंत. काही तेलांना ‘आयुष्यभराचे’ म्हटले जाते. कुणाचे आयुष्य, हे मात्र कुठे लिहिलेले नसते. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा गिअरबॉक्समध्ये सापडतो. बीएमडब्ल्यूच्या असंख्य गाड्यांत झेडएफ कंपनीचा सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडी बनवणाऱ्याच्या लेखी त्यातले तेल बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र तेच तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ८ वर्षांनी बदला असे सांगते. एकाच वस्तूबद्दल दोन जर्मन कंपन्यांची दोन मते आहेत, आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या आहेत. एकीपुढे पहिला मालक आहे, दुसरीपुढे गिअरबॉक्स. तिसऱ्या मालकाने कुणाचे ऐकायचे हे उघड आहे.

इंजिन ऑइलचेही तसेच. फोक्सवॅगन समूहाच्या माहितीपुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल जळणे ग्राह्य धरले आहे. आपल्याकडे सर्व्हिस १५,००० किलोमीटरला. आता हिशेब करा. अर्धा लिटरच्या दराने १५,००० किलोमीटरमध्ये साडेसात लिटर तेल जळू शकते, आणि १.८ टीएसआय इंजिनात मुळात मावते पाच लिटरहून कमी. म्हणजे पुस्तकातल्या दोन्ही ओळी पाळूनही, मधे डिपस्टिक न काढणारा माणूस इंजिन कोरडे चालवू शकतो. लॉरा, सुपर्ब आणि ए-फोरमध्ये आलेल्या या इंजिनाच्या आधीच्या पिढ्यांत पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक आणि तेल परत जायची भोके लहान होती. ती काजळीने बुजली की तेलाचा खप वाढायचा. हे माहीत असलेला मालक दर दुसऱ्या रविवारी गाडी सपाट जागी लावून डिपस्टिक पाहतो, तेल ७-८ हजारांवर बदलतो, आणि डब्यावरच्या ब्रँडऐवजी ५०२, ५०४ किंवा बीएमडब्ल्यूचे एलएल-०१ असे मानक वाचतो. ज्याला हे ठाऊक नसते तो ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत थांबतो. तो दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, दाब गेल्याचा असतो. तोवर उशीर झालेला असतो.

पण वही बदलायचे सर्वांत मोठे कारण नागपूरचे ऊन आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंश ओलांडतो, आणि बेशाच्या बहुतेक स्कीममध्ये दुसऱ्या गाडीला छप्पर मिळत नाही. तरीही बाहेरचे ४५ अंश हा प्रश्नाचा लहान भाग आहे. या इंजिनांत कूलंट मुळातच गरम ठेवलेले असते. इंधन वाचावे म्हणून बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट कॉम्प्युटरच्या हुकमाने उघडतो आणि हलक्या चालीत कूलंटला ११० अंशांच्या आसपास जाऊ देतो. दाबाखाली असल्यामुळे ते उकळत नाही. मात्र ते ज्या टाकीतून आणि जोडांतून फिरते ते काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात, आणि गरम पाणी-ग्लायकॉल वर्षानुवर्षे त्या नायलॉनचे रेणू तोडत राहते. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की अशी क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते. समृद्धीवर दोन तास १२०ने चालवून माणूस पार्किंगमध्ये किल्ली फिरवतो, तेव्हा हवेचा झोत थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. म्युनिकमध्ये जो भाग बारा वर्षे टिकतो तो इथे सात-आठ वर्षांत ठिसूळ होतो, यात कुणाचा दोष नाही. तो भाग किलोमीटरने झिजत नाही, उष्णतेत काढलेल्या वर्षांनी झिजतो. म्हणून ‘फक्त ४५,००० चालली आहे’ ही विक्रेत्याची आवडती ओळ कूलिंगच्या बाबतीत निरर्थक आहे. कमी चाललेली आणि उन्हात उभी राहिलेली गाडी जास्त चाललेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते.

यातून कामाचा नियम निघतो. बीएमडब्ल्यूच्या ३२५आय किंवा ५३०आयमधल्या एन ५२ इंजिनाचा वॉटर पंप विजेवर चालतो. तो आवाज करत नाही, गळत नाही, एक दिवस नुसता थांबतो, आणि अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे ते इंजिन मिनिटांत तापून हेड वाकते. असा पंप बंद पडायची वाट पाहायची नसते. थर्मोस्टॅटसोबत तो ठरलेल्या मुदतीने बदलायचा असतो. १.८ टीएसआयचा पंप आणि थर्मोस्टॅट इनटेक मॅनिफोल्डखाली प्लास्टिकच्या एकाच घरात बसलेले असतात. ते घर तडकले तरी गाडी पाणी सांडत नाही. आठवड्याला बोटभर कूलंट कमी होते, आणि मालक वरून बोअरचे पाणी टाकतो. इथे दुसरे नुकसान सुरू होते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वर हिरवे आणि गुलाबी कूलंट एकत्र झाले तर त्यातली गंजरोधक द्रव्ये एकमेकांना मारतात. डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीला लागणाऱ्या मानकाचेच कूलंट, यात तडजोड परवडत नाही. गळती शोधायची तर गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी, कूलंट टाकीवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावावा, झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी, साधारण दीड बारपर्यंत हवा भरावी आणि वीस मिनिटे काट्याकडे पाहावे. काटा उतरला तर टॉर्च घेऊन गिअरबॉक्सच्या वरच्या कडेला वाळलेला गुलाबी थर शोधावा. पाणी गरम इंजिनावर सुकून जाते, रंग मागे राहतो. एवढी तपासणी न करता हेड गॅसकेट खोलणे म्हणजे ताप मोजल्याशिवाय ऑपरेशन करणे.

उष्णतेचा दुसरा मोठा बळी गिअरबॉक्स आहे, आणि त्याची कथा जगभर नोंदलेली आहे. फोक्सवॅगन समूहाचा सात गतींचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे डीक्यू २००, हा २००८ पासून लाखो गाड्यांत बसला. चीनमध्ये तक्रारी वाढल्यावर मार्च २०१३ मध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलावाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातल्या १६ लाख गाड्यांतले सिंथेटिक गिअर ऑइल काढून खनिज तेल भरायचे ठरवले. उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे विजेच्या भागांत बिघाड होत होता. २०१३ मध्येच हा गिअरबॉक्स घेऊन पोलो जीटी टीएसआय भारतात आली आणि लाडकी झाली. या गिअरबॉक्सची ताकद पेलायची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. पोलो जीटीचे इंजिन १७५ देते, म्हणून ती तुलनेने निवांत राहते. सुपर्ब १.८ टीएसआयचे इंजिन नेमके २५० देते, म्हणजे नवी असतानाच ती काठावर. अशा गाडीवर वरून ईसीयू रिमॅप करून टॉर्क वाढवला तर क्लच आणि गिअर बदलणारे मेकॅट्रॉनिक युनिट कशावर तग धरणार? रिमॅपला माझा सरसकट विरोध नाही. ओल्या क्लचच्या सहा गतींच्या डीएसजीत थोडी जागा असते, आणि त्याचे तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलले तर तो चांगला टिकतो. पण कोणता गिअरबॉक्स बसला आहे हे न पाहता ‘स्टेज वन’ मारणे हा हौसेचा भाग नव्हे. मनीषनगरच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक हलका सोडत इंच-इंच सरकणेही कोरड्या क्लचला तसेच घातक. पुढच्या गाडीला पूर्ण लांबी जाऊ द्यावी, मग निघावे.

कोरड्या क्लचच्या या गिअरबॉक्समुळे निदानाचा प्रश्नही स्पष्ट होतो. पी १७ बीएफ हा एरर आला, गाडी जागेवर अडकली, की एकच उत्तर मिळते: पूर्ण मेकॅट्रॉनिक बदला. खरे तर हा कोड एवढेच सांगतो की हायड्रॉलिक पंप चालूनही दाब पुरेसा तयार होत नाही. अनेकदा कारण असते दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर जिथे आट्यांवर बसतो तिथे गेलेली तडक. आज स्वतंत्र गॅरेजवाले फक्त तेवढे घर बदलतात किंवा मजबूत करून देतात. एरर कोड म्हणजे तक्रार. ते निदान नव्हे. आपल्या बाजारात स्कॅनर सर्वांकडे आला, पण स्कॅनर लावल्यानंतर विचार करायची सवय मात्र तेवढी आली नाही. या गाड्यांवर जो पैसा वाया जातो तो महाग पार्टमुळे कमी आणि न लागणाऱ्या पार्टमुळे जास्त. हे माझे या सगळ्या विषयातले मुख्य म्हणणे आहे. तिसऱ्या मालकाच्या वहीत दोनच रकाने हवेत: एकात काय आणि कधी बदलले, दुसऱ्यात काय मोजले.

मोजणे म्हणजे काय ते एका साध्या उदाहरणाने दाखवतो. गाडी थरथरते, दिवा लुकलुकतो, कोड येतो पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस मारतो आहे. सोपा मार्ग चार प्लग, चार कॉइल आणि जमल्यास इंजेक्टरही बदलण्याचा. योग्य मार्ग दहा मिनिटांचा आणि फुकट आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी ०३०३ आला, तर बिघाड कॉइलसोबत सरकला, कॉइलच गेली आहे. पी ०३०२च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग तसेच प्लगचे. तेही निर्दोष निघाले तर कॉम्प्रेशन घ्या. कॉम्प्रेशन बरोबर आणि त्रास फक्त सकाळच्या थंड इंजिनात असेल, तर संशय इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीवर जातो. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत. ती काजळी टाकीत ओतायच्या कुठल्याही बाटलीने निघत नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून ती काढतात.

दुसरे मोजमाप फ्युएल ट्रिमचे, आणि इथे जर्मन पुस्तक आपल्याला उघड चकवते. इंजिनाचा कॉम्प्युटर ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतो आहे, तो हा आकडा. तो +१०च्या दिशेने गेला की पुस्तक म्हणते, कुठेतरी हवा चोरून आत येते आहे, होज आणि गॅसकेट पाहा. पण आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० मिश्रणाचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेले इंजिन अगदी निरोगी असतानाही ५ ते ८ टक्के जास्त इंधन देणार. हे ठाऊक नसलेला मिस्त्री नसलेली गळती शोधत बसतो. म्हणून गाडी चांगली असतानाचे आकडे वहीत असले पाहिजेत. +७ ही तुमच्या गाडीची रोजची प्रकृती असेल आणि एक दिवस +१५ दिसले, तर त्याला अर्थ आहे. मग धुराचे यंत्र लावून पाहावे, धूर कुठून निघतो ते डोळ्यांना दिसते. ई-२०चा दुसरा परिणाम संथ आहे. जुन्या रबरी नळ्या आणि टाकीतला पंप त्यासाठी घडवलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी राहणारी हौसेची गाडी यात सर्वांत आधी भरडली जाते. टाकी भरलेली ठेवावी आणि पेट्रोलच्या नळ्या वयाप्रमाणे बदलाव्यात. नळी गळून गरम टर्बोवर पेट्रोल पडले तर प्रश्न खर्चाचा राहत नाही.

चेनबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ‘चेन आहे, बेल्टसारखी बदलावी लागत नाही’ हा समज इंजिने खातो. १.८ आणि २.० टीएसआयच्या आधीच्या टेन्शनरची खाच घसरत असे, चेन दात सोडायची आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचे. बीएमडब्ल्यूच्या एन २० इंजिनात २०१५च्या सुरुवातीपर्यंत चेनचे प्लास्टिक गाइड चुरा होत. ३२०डीच्या एन ४७ डिझेलमध्ये तर चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिच्यासाठी इंजिन उतरवावे लागते. या तिन्ही ठिकाणी अनेकदा पूर्वसूचना मिळते: रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट मारल्यावर एक-दोन सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. कॅम आणि क्रँकमधला कोनाचा फरक स्कॅनरवर वाचता येतो, पी ००१६ येण्याच्या कितीतरी आधी. पुन्हा तेच: आकडा लिहून ठेवला असेल तरच तो वाढतो आहे हे कळते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप: एवढा खटाटोप करण्यापेक्षा जपानी गाडी का घेऊ नये? ज्याला रोज वेळेवर ऑफिसला पोचायचे आहे आणि दारात दुसरी गाडी नाही, त्याने जरूर जपानी घ्यावी. हे मी मनापासून सांगतो. जुनी जर्मन गाडी ही घरातली एकमेव गाडी असू नये. पण त्यावरून ती वाईट बांधलेली ठरत नाही. तिच्या इंजिनात, सस्पेन्शनमध्ये आणि ब्रेकमध्ये बारीक मोजमापाने काम करणारे भाग जास्त आहेत, म्हणून चालवण्याचा आनंद जास्त आणि दुर्लक्ष सोसण्याची ताकद कमी. हा सौदा ज्याला समजून-उमजून करायचा आहे, त्याला अडवायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच का नेऊ नये? वॉरंटीतल्या गाडीला तेच योग्य. पंधरा वर्षांच्या गाडीला तिथे अडचण येते ती पद्धतीची: तिथले काम पूर्ण युनिट बदलण्यावर उभे आहे, युनिट उघडण्यावर नाही. नागपुरात घाट रोड-मोक्षधाम भागातल्या गॅरेजांत कष्टाळू आणि हुशार हात आहेत. त्यांना उणीव आहे ती वायरिंग डायग्राम आणि टॉर्कचे आकडे वाचायच्या सवयीची. जर्मन इंजिनांत अॅल्युमिनियममध्ये बसणारे कित्येक बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, आणि ते घट्ट करायचे माप ‘इतके न्यूटन-मीटर, मग ९० अंश’ असे दिलेले असते. हाताच्या अंदाजाने ते होत नाही. आयटीआयमधला ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा वाचून निदान करायला भरपूर तास मिळायला हवेत, कारण आता साध्या हॅचबॅकलाही तेच लागते. पार्टचा प्रश्न मात्र लोक समजतात तेवढा कठीण नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचे काश्मिरी गेट इथे बहुतेक गोष्टी मिळतात, आणि कंपनीच्या खोक्यात येणारा भाग बऱ्याचदा बॉश, माले, मान, सॅक्स किंवा लुकनेच बनवलेला असतो. भागावर मूळ उत्पादकाचे नाव वाचून घेतले तर तोच माल कमी किमतीत मिळतो. नक्कल फिल्टर आणि नक्कल कॉइल मात्र घेऊ नयेत. स्वस्त कॉइलने मारलेला मिस न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पाठवतो आणि कन्व्हर्टरच जाळून टाकतो.

तिसरा आक्षेप प्रदूषणाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पीयूसीत पेट्रोल गाडीचा धूर उभ्या जागी तपासतात, नायट्रोजनची ऑक्साइड तिथे कुणी मोजत नाही. म्हणून पीयूसी पास झाली यावर समाधान मानता येत नाही. कन्व्हर्टर काढून रिकामा पाइप बसवणाऱ्यांची बाजू मला घेता येत नाही. नियमही तसाच आहे: गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. वयाची किंमतही वाढली आहे. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाले, आयात गाडीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या गाडीला १०,००० आणि आयात असेल तर ८०,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हे पैसे देणाऱ्या माणसाची अपेक्षा एवढीच असावी की वयावरून दोषी ठरवण्याऐवजी गाडीचा धूर आणि ब्रेक खरोखर मोजले जावेत. मोजमापाचा आग्रह आपण धरायचा तो सरकारकडेही धरायचा.

राहिली खरेदी. दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आल्यापासून तिकडच्या जर्मन गाड्या स्वस्तात उतरतात. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच त्यांची किंमत करावी. नागपुरातल्या गाड्यांना दुसरी चाळण हवी: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या असणार हे धरून चालावे. गालिचा उचलून खालचा फोम चाचपावा, सीटचे बोल्ट आणि बेल्टचा शेवटचा हातभर भाग पाहावा, चिखलाची रेघ तिथे सापडते. रिकाम्या प्लॉटशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का ते पाहावे. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतक्या जुन्या टायरवर मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर चढू नये.

आणि गाडी बघायला सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की तुम्ही येण्याआधी स्टार्ट करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले, तर भाव विचारू नका, परत या.